पोटातले जीवाणू बदलले तर एडीएचडी असलेल्या मुलाचं लक्ष सुधारतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा आठ वर्षांचा आहे, सहा महिन्यांपूर्वी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराचं, निदान झालं आणि औषध सुरू आहे. आता कुणीतरी सांगितलंय की खरा दोष आतड्यातल्या जीवाणूंत असतो, विष्ठेची तपासणी करून योग्य प्रोबायोटिक (उपयोगी मानल्या जाणाऱ्या जिवंत जीवाणूंची पूड किंवा गोळी) दिलं की लक्ष सुधारतं आणि औषध सोडता येतं. आणि अगदी शेवटी एका ओळीत विचारलंय, सिझेरियन झालं आणि पहिल्याच महिन्यात त्याला अँटिबायोटिक द्यावं लागलं, त्यामुळे हे झालं का? ही शेवटची ओळ वाचून मी उत्तर लिहायला बसले.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि माझ्या मुलीला एडीएचडी आहे. तुमचे सगळे प्रश्न मी स्वतःला विचारून झालेत, काही रात्री जागूनसुद्धा. त्यामुळे आधी उत्तरं देते, कारणं मग सांगते. जीवाणूंच्या भरवशावर औषध बंद करू नका. ती तपासणी करू नका. सिझेरियन आणि अँटिबायोटिकचा दोष स्वतःकडे घेऊ नका. पण मुलाच्या पोटाकडे लक्ष मात्र जरूर द्या. ते का, हे खाली सविस्तर लिहिलंय आणि माझ्या मते तोच भाग सगळ्यांत उपयोगाचा आहे.

पोट आणि मेंदू यांचा संबंध ही काही अफवा नाही. माणसाच्या शरीरात अंदाजे ३८ लाख कोटी जीवाणू असतात आणि आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी. हा हिशोब २०१६मध्ये नव्याने मांडला गेला; त्याआधी 'जीवाणू पेशींच्या दहापट' असं सर्रास सांगितलं जायचं, मीही वर्गात तसंच शिकवलं होतं. यातले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात. आपल्याला न पचलेले तंतू ते खातात, त्यातून लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात आणि ती आतड्याचं अस्तर व रोगप्रतिकारक पेशी यांच्या कामावर परिणाम करतात. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस नावाची मोठी नस आहे. तिच्यातले जवळपास ८० टक्के तंतू निरोप वर नेणारे असतात. म्हणजे मेंदू पोटाला जेवढं सांगतो, त्याहून कितीतरी जास्त पोट मेंदूला सांगत असतं.

'शरीरातलं ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं' हे वाक्यही तुमच्या वाचनात आलं असेल. ते खरं आहे, पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा असतो. आतड्यातलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मेंदूभोवतीची संरक्षक भिंत त्याला अडवते. डोपामिनचंही तसंच. मेंदूतल्या पेशींमध्ये निरोप पोचवणारी ही दोन्ही रसायनं मेंदू स्वतःच्या पेशींत बनवतो. त्यासाठी लागणारा कच्चा माल, म्हणजे ट्रिप्टोफॅन, फेनिलअॅलॅनिन, टायरोसिन ही अमिनो आम्लं मात्र त्या भिंतीतून आत जातात. एडीएचडीत डोपामिनची यंत्रणा गुंतलेली असते, त्यामुळे शास्त्रज्ञांचं कुतूहल या कच्च्या मालाकडे वळलं.

उंदरांवरचे प्रयोग खरोखर थक्क करणारे आहेत. २०११मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर पाहिले. ज्यांच्या पोटात एकही जीवाणू नव्हता, ते उंदीर नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त धावपळ करत होते आणि कमी बिचकत होते. अगदी सुरुवातीच्या वयात त्यांना जीवाणू मिळाले, तर ते इतर उंदरांसारखे वागू लागत. त्याच वर्षी आणखी एक प्रयोग गाजला. लॅक्टोबॅसिलस नावाच्या जीवाणूच्या एका विशिष्ट वाणाने, म्हणजे उपप्रकाराने, उंदरांची भीती आणि ताण कमी झाला, आणि व्हेगस नस कापल्यावर तो परिणाम नाहीसा झाला. यंत्रणा डोळ्यांसमोर उलगडल्यासारखी वाटत होती. मी तो शोधनिबंध वर्गात किती उत्साहाने सांगितला होता, हे अजून आठवतं.

मग २०१७मध्ये तोच वाण २९ निरोगी पुरुषांना देऊन पाहिला. ताण, मनःस्थिती, आकलन, कशातच प्रोबायोटिक आणि बनावट गोळी (तुलनेसाठी दिलेली, दिसायला तशीच पण जीवाणू नसलेली) यांच्यात फरक दिसला नाही. तुम्हाला यापुढे कुणी उंदरांचा प्रयोग दाखवून माणसांसाठी काही विकायला आलं, तर एवढी एक जोडी लक्षात ठेवा.

आता एडीएचडी असलेल्या माणसांवरचे अभ्यास. नेदरलँड्समध्ये २०१७मध्ये एडीएचडी असलेल्या १९ जणांची तुलना ७७ जणांशी केली गेली. एडीएचडीच्या गटात बायफिडोबॅक्टेरियम थोडे जास्त आढळले आणि फेनिलअॅलॅनिन बनवण्याच्या मार्गातलं जीवाणूंचं एक जनुकही जास्त असावं असा अंदाज निघाला. बक्षिसाची चाहूल लागल्यावर मेंदूचा जो भाग जागा होतो, तो ज्यांच्यात कमी जागा होत होता त्यांच्यात या जनुकाचं प्रमाण जास्त दिसलं. गोष्ट सुरेख जुळते. पण वर्षभराने जर्मनीतल्या १४ रुग्णांच्या अभ्यासात वेगळेच जीवाणू पुढे आले. चीनमध्ये औषध सुरू न केलेल्या ५१ मुलांत फिकॅलिबॅक्टेरियम कमी सापडले. प्रत्येक अभ्यासाचा आरोपी निराळा.

यात कुणाचा खोटेपणा नाही. मी स्वतः नमुने हाताळले आहेत, म्हणून सांगते. मल घट्ट आहे की सैल, नमुना किती वेळ बाहेर राहिला, डीएनए कोणत्या पद्धतीने काढला, मुलाने आदल्या आठवड्यात काय खाल्लं, अँटिबायोटिक कधी घेतलं होतं, वय किती, औषध सुरू आहे का, या प्रत्येक गोष्टीने आकडे हलतात. एकाच मुलाचे दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले नमुनेसुद्धा हुबेहूब जुळत नाहीत. अशा वेळी १४ किंवा १९ माणसांतून दिसलेला फरक नुसता योगायोगही असू शकतो.

म्हणूनच तपासणी करू नका म्हणते. आठ वर्षांच्या मुलाच्या आतड्यात कोणता जीवाणू किती असावा याची सर्वमान्य मर्यादा ठरलेलीच नाही. साखरेच्या किंवा हिमोग्लोबिनच्या अहवालात शेजारी 'सामान्य पातळी' छापलेली असते, तिच्यामागे लाखो माणसांचा अनुभव असतो. इथे तसं काही नाही. लाल आणि हिरव्या पट्ट्यांचा देखणा अहवाल येईल, त्यात चार-दोन जीवाणू 'कमी' दाखवलेले असतील आणि ते वाढवण्यासाठी एखादी बाटली सुचवलेली असेल. त्यातून एडीएचडीबद्दल काहीही कळणार नाही.

प्रोबायोटिकच्या बाजूने सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास फिनलंडमधल्या तुर्कूचा आहे. तो तुम्हाला कुणीतरी नक्की दाखवेल, म्हणून त्याबद्दल जरा सावकाश लिहिते. ७५ बाळांना जन्मानंतर पहिले सहा महिने लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जीजी नावाचा वाण किंवा बनावट पूड दिली गेली. मूळ हेतू अॅलर्जीचा होता. त्याच मुलांना १३ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासलं. बनावट पूड मिळालेल्या ३५ मुलांपैकी ६ जणांना एडीएचडी किंवा अॅस्पर्गरचं (ऑटिझमचा एक प्रकार) निदान झालेलं होतं. प्रोबायोटिक मिळालेल्या ४० मुलांपैकी एकालाही नाही. २०१५मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा वाचताना माझ्या हाताला खरोखर कंप सुटला होता, कारण तेव्हा माझी मुलगी नुकतीच नऊ वर्षांची झाली होती आणि तिचं निदान ताजं होतं. मी बाळपणी तिला हे दिलं असतं तर?

त्या प्रश्नातून बाहेर यायला मला वेळ लागला. एकूण सहा मुलं. दोन निरनिराळी निदानं एकत्र मोजलेली. प्रयोग आखताना हा प्रश्न विचारलेलाच नव्हता. एक-दोन मुलं इकडची तिकडे झाली असती, तर चित्र पालटलं असतं. अशा निकालाची खरी परीक्षा तो दुसऱ्यांना पुन्हा मिळतो का, ही असते. न्यूझीलंडमध्ये बाळपणी दोन वेगवेगळी प्रोबायोटिक्स दिलेल्या मुलांना अकराव्या वर्षी तपासलं, तेव्हा वागणूक, आकलन, मनःस्थिती यांत फरक मिळाला नाही. तिथले वाण वेगळे होते हे खरं, त्यामुळे तुर्कूचा निकाल खोटा ठरत नाही. पण त्यावर कुणाचं आयुष्य तोलण्याइतका तो भक्कमही नाही. आणि तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो अभ्यास तान्ह्या बाळांचा होता. निदान होऊन गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाबद्दल तो काही सांगत नाही.

त्याबद्दल सांगणारा एक प्रयोग स्वीडनमध्ये २०२०मध्ये झाला. एडीएचडी असलेली मुलं आणि मोठी माणसं मिळून १८२ जणांना नऊ आठवडे जीवाणू आणि तंतू यांचं मिश्रण किंवा बनावट पूड दिली. मुलांची लक्षणं सुधारली, पण दोन्ही गटांत सारखीच. याचा अर्थ नीट समजून घ्या. तुम्ही आज प्रोबायोटिक सुरू केलंत, तर दोन महिन्यांनी मुलगा थोडा बरा वाटण्याची शक्यता चांगलीच आहे, आणि ते त्या बाटलीमुळे झालं असण्याची शक्यता फार थोडी. नियमितपणे काहीतरी दिलं जातंय, घरातले सगळे आशेने बघतायत, वाईट महिन्यानंतर बरा महिना येतोच, या सगळ्याचा तो परिणाम असतो. एखाद्या पालकाने 'आमच्याकडे फरक पडला' म्हटलं, तर तो खोटं बोलत नसतो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितेय तो मुद्दा. आतड्यातले जीवाणू वेगळे आहेत म्हणून लक्ष लागत नाही, असं आपण गृहीत धरतो. उलट दिशेने विचार फार कमी जण करतात. एडीएचडी असलेलं मूल कसं जगतं ते बघा. जेवणाच्या मधेच उठतं. ठरावीक दोन-तीन पदार्थच खातं. औषधाने दुपारची भूक मरते आणि रात्री उशिरा भूक लागते. झोपेची वेळ सरकते. पाणी प्यायचं राहून जातं. हे सगळं रोज घडत असेल, तर आतड्यातले जीवाणू इतर मुलांसारखे राहतीलच कसे? ऑटिझमच्या बाबतीत हे चांगल्या रीतीने तपासलं गेलंय. २०२१मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २४७ मुलांच्या अभ्यासात दिसलं की ऑटिझमचा जीवाणूंशी थेट संबंध जवळपास नाहीच. मोजके पदार्थ खाण्याच्या सवयीमुळे जीवाणूंची विविधता घटते. एडीएचडीतही बराचसा भाग असाच निघेल असं मला वाटतं. हे माझं मत आहे.

आणि बद्धकोष्ठता. हिच्याबद्दल एडीएचडीच्या पालकांशी कुणी बोलत नाही, याचा मला फार त्रास होतो. अमेरिकेत सैन्यातल्या कुटुंबांच्या सात लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी २०१३मध्ये तपासल्या गेल्या. एडीएचडी असलेल्या मुलांत बद्धकोष्ठतेचं प्रमाण ४.१ टक्के होतं, इतर मुलांत १.५ टक्के. नकळत शी होण्याचं प्रमाण ०.९ टक्के, इतर मुलांत ०.१५ टक्के, म्हणजे सहापट. हे फक्त डॉक्टरांकडे नोंद झालेले आकडे.

आमच्या घरी हेच होतं आणि आम्हाला ते कळलं नाही. मुलीची चड्डी अधूनमधून खराब व्हायची. आम्ही दोन वर्षं तिला रागावलो. इतकी मोठी झालीस तरी कळत नाही का, असं विचारलं. तिला खरोखरच कळत नव्हतं. खेळात किंवा चित्रात गुंतलेलं मूल शी आल्याची जाणीव मागे ढकलतं. मल आत साठतो, कडक होतो, मग शौचाला बसलं की दुखतं, म्हणून मूल आणखी टाळतं. साठलेल्या मलाने गुदाशय ताणला जातो आणि ताणला गेला की भरल्याची जाणीवच बोथट होते. मग वरचा पातळ मल त्या कडक गोळ्याच्या कडेने झिरपतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मुलाला जुलाब झालेत, किंवा मूल आळशी आहे. एका बालरोगतज्ज्ञांनी नुसता पोटावर हात ठेवून ते ओळखलं. मी सूक्ष्मजीव शिकवणारी बाई, आणि माझ्या मुलीच्या पोटात काय चाललंय हे मला दुसऱ्या कुणी सांगावं लागलं. ते ऐकून मी दवाखान्यातच रडले.

उपचार साधे होते पण चिवटपणा मागणारे. मल मऊ ठेवणारं औषध काही महिने, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, मधेच बरं वाटलं म्हणून न थांबवता. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं शौचाला बसणं, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलायला लागतं. बसताना पायाखाली टेकू, गुडघे वर. शाळेत पाण्याची बाटली रिकामी करून आणायची. आणि रागावणं पूर्ण बंद. यातल्या शेवटच्या गोष्टीने सर्वांत मोठा फरक पडला असं मला वाटतं, तिच्यात आणि आमच्यातही.

एडीएचडी गेलं नाही. औषध आजही चालू आहे. पण पोटदुखी थांबली, संध्याकाळची चिडचिड बरीच ओसरली, आणि पोटात दुखतंय म्हणून वर्गात बसवत नसे ते बंद झालं. पोट बरं करायला पोट हेच पुरेसं कारण होतं.

आहाराबद्दल थोडंच लिहिते. नेदरलँड्समध्ये २०११मध्ये १०० मुलांवर अतिशय कडक, मोजक्या पदार्थांच्या आहाराचा प्रयोग झाला होता आणि बरीच मुलं सुधारल्याचं दिसलं होतं. त्यावरून पालकांनी मुलांच्या ताटातून एकेक पदार्थ काढायला सुरुवात केली. पण कोणता आहार चालू आहे हे पालकांना माहीत होतं आणि लक्षणांची माहितीही तेच देत होते. त्याच देशात पुढे कडक आहाराची साध्या सकस आहाराशी तुलना झाली, तेव्हा कडक आहाराने ३५ टक्के मुलं सुधारली आणि सकस आहाराने ५१ टक्के. औषधाने आधीच भूक कमी झालेल्या मुलाचं ताट आणखी रिकामं करू नका. भाज्या, फळं, कडधान्यं, कोंड्यासकट धान्यं यांतले तंतू हेच आतड्यातल्या जीवाणूंचं खरं अन्न आहे. औषध सकाळी खाण्याआधी द्यायचं की नंतर, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या. आमच्याकडे नाश्त्यानंतर दिल्याने दिवसाचं निदान एक जेवण पोटभर होऊ लागलं. कृत्रिम रंगांचा काही मुलांच्या चंचलपणावर थोडा परिणाम होतो असं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या २००७च्या प्रयोगात दिसलं, आणि २०१०पासून युरोपात सहा रंगांच्या वेष्टनांवर तसा इशारा छापणं बंधनकारक आहे. रंगीत गोळ्या आणि पेयं कमी केल्याने नुकसान काहीच नाही.

तरीही प्रोबायोटिक द्यावंसं वाटलं, तर एरवी निरोगी असलेल्या आठ वर्षांच्या मुलाला त्याने सहसा अपाय होत नाही. डॉक्टरांना सांगून द्या, चालू औषधाला हात लावू नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची आणि प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांची गोष्ट वेगळी आहे, तिथे हेच जीवाणू रक्तात शिरून जिवावर बेतू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत तसा इशारा दिला आहे. दुसऱ्याच्या विष्ठेतले जीवाणू पोटात सोडण्याचा उपचार एडीएचडीसाठी कुणी सुचवला, तर तिथून सरळ निघून या. नीट न तपासलेल्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारे जंतू गेल्यामुळे २०१९मध्ये एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचं याच प्रशासनाने जाहीर केलं होतं.

आता तुमची शेवटची ओळ. सिझेरियनने जन्मलेल्या मुलांत एडीएचडीचं प्रमाण किंचित जास्त दिसतं, हे खरं आहे. पण स्वीडनमध्ये एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली, एक सिझेरियनने झालेलं आणि एक नैसर्गिक प्रसूतीने, तेव्हा तो फरक जवळजवळ विरून गेला. म्हणजे तो मुख्यतः त्या कुटुंबांचा होता, शस्त्रक्रियेचा नाही. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात पहिल्या वर्षी अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांचा मोठा अभ्यास झाला, त्यातही एडीएचडीशी संबंध आढळला नाही. दुसरीकडे जुळ्यांच्या अभ्यासांतून एडीएचडीच्या बाबतीत माणसामाणसांत असलेला सुमारे ७४ टक्के फरक आनुवंशिक असल्याचं दिसतं. आमच्या घरी मुलीचं निदान झाल्यावर नवऱ्याने स्वतःचं बालपण पहिल्यांदा नव्याने आठवून पाहिलं.

शोध थांबलेला नाही, आणि मी तो आशेने वाचते. स्वीडनमध्ये १९९७ ते १९९९ या काळात जन्मलेल्या १६,४४० मुलांचा दोन दशकांहून जास्त काळ मागोवा घेतला गेला आणि २०२४मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना पुढे एडीएचडी, ऑटिझम अशी निदानं झाली, त्यांच्या वयाच्या पहिल्या वर्षीच्या विष्ठेत अॅकरमॅन्सिया आणि कॉप्रोकॉकस यांसारखे काही जीवाणू कमी होते. निदानाच्या कितीतरी आधी. माझ्या वरच्या मताला हा अभ्यास थोडा छेद देतो, कारण एक वर्षाचं बाळ काही निवडून खात नसतं. जीवाणू कारण आहेत की तेही त्याच अनुवंशाचा एक पडसाद आहेत, हे यातून ठरत नाही.

तुमच्या बाळाला पहिल्या महिन्यात अँटिबायोटिक दिलं गेलं, कारण तेव्हा त्याला त्याची गरज होती. तान्ह्या बाळाचा संसर्ग काही तासांत हाताबाहेर जाऊ शकतो. त्या औषधामुळे आज तो आठ वर्षांचा आहे.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची एक वही करून न्या. रोज शी झाली का, कडक की मऊ, पोट दुखलं का, चड्डीला डाग होता का, दुपारी किती खाल्लं, रात्री किती वाजता झोपला. तपासणीच्या त्या रंगीत अहवालापेक्षा डॉक्टरांना यातून खूप जास्त कळेल. आणि वहीत काही निघालं तर इथे पुन्हा लिहा, मी वाचेन.